‘तुम्ही जाऊन या, मी गाडीत थांबते’

प्रश्न : माझं वय ६१. दोन्ही गुडघ्यांची झीज झाली आहे आणि गेल्या वर्षी उजव्या खुब्याचं ऑपरेशन झालं. काठी घेऊन दोनशे-अडीचशे मीटर चालते, मग बसावंच लागतं. लांबच्या अंतरासाठी घडीची व्हीलचेअर आहे. ती हे ढकलतात, पण त्यांचीही कंबर आता कुरकुरते. मुलगा, सून आणि दहा वर्षांची नात यांना जिओकॅशिंगचं, म्हणजे फोनवर बघून लपवलेल्या डब्या शोधण्याच्या खेळाचं, वेड लागलं आहे. मागच्या सुट्टीत सहा दिवसांत त्यांनी बावीस डब्या शोधल्या. मी एकही पाहिली नाही. दर वेळी ‘तुम्ही जाऊन या, मी गाडीत थांबते’ म्हटलं. शेवटच्या दिवशी ‘ही टेरेन एक आहे, अगदी सोपी’ म्हणून मला मुद्दाम नेलं. वाट सपाट होती खरी, पण संपेचना. अर्ध्यातून परत फिरलो, आणि सगळ्यांचाच विरस झाला. पुढच्या महिन्यात पुन्हा आठवडाभर जायचं आहे. नात म्हणते, ‘आजी, या वेळी तूपण.’ हा खेळ मला जमण्यातला आहे का, की मी आपलं पुस्तक घेऊन गाडीतच बसावं? आणि मुलाने काढून आणलेल्या डबीतल्या वहीत मी नाव लिहिलं तर ती लबाडी होते का?
ता. क. मला स्वतःला एखादी डबी लपवता येईल का?
— गाडीतली आजी

उत्तर :

ताई, नमस्कार. (आजी म्हणण्याइतकी मी लहान नाही. माझेही गुडघे जिना दिसला की आधी पायऱ्या मोजतात.)

त्या अर्ध्यातून परतलेल्या फेरीपासून सुरुवात करते, कारण तुमचं सगळं पत्र मला तिथेच अडकलेलं वाटलं. आपण कमी पडलो असं तुम्ही धरून चालला आहात. तसं झालेलं नाही. त्या दिवशी तुम्हाला दुसऱ्याच्या मापाची चप्पल घालून चालायला लावलं, एवढंच.

हा खेळ माहीत नसलेल्या वाचकांसाठी चार ओळी. कोणीतरी एक डबी लपवतं, तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतं. बाकीचे फोनमधल्या जीपीएसच्या आधाराने ती शोधतात, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहितात आणि डबी जिथे होती तिथे, होती तशी ठेवून देतात. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगन राज्यात डेव्ह अल्मर यांनी एक बादली रानात ठेवून तिचा ठावठिकाणा जाहीर केला, आणि खेळ सुरू झाला. आज जगभर तीस लाखांहून जास्त डब्या आहेत. डबीला ‘कॅश’ म्हणतात, दडवलेला साठा या अर्थाने. नोटांशी तिचा काही संबंध नाही, हे मला आमच्या सासूबाईंना दोनदा समजावून सांगावं लागलं होतं.

आता ‘टेरेन एक’. प्रत्येक कॅशवर दोन आकडे असतात : एक शोधायला किती अवघड याचा, दुसरा तिथवर पोचायला किती अवघड याचा. हा दुसरा म्हणजे टेरेन. दोन्ही १ ते ५, अर्ध्या-अर्ध्याने वाढणारे. टेरेन ५ म्हणजे होडी, दोर किंवा पाणबुड्याचं सामान असं काहीतरी लागणार. २००८ मध्ये एक कॅश थेट आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर ठेवली गेली, तिचाही टेरेन ५. आणि टेरेन १ म्हणजे व्हीलचेअरने जाता येईल अशी : वाट बहुधा पक्की, बऱ्यापैकी सपाट, आणि चाल अर्ध्या मैलाच्या आत. अर्धा मैल म्हणजे ८०० मीटर, ताई. तुमची मजल अडीचशेची.

हा आकडा खुर्चीतून फिरणाऱ्या माणसाला समोर ठेवून केलेला आहे. त्याला अंतराचं फारसं काही वाटत नाही, पण एकच पायरी आली की तिथे त्याची वाट संपली. तुमचं बरोबर उलटं आहे. कठड्याला धरून दोन पायऱ्या तुम्ही चढाल, अंतर मात्र तुमचा जीव काढतं. आता गंमत बघा. गाडीच्या दारापासून पंधरा पावलांवरची कॅश, मध्ये एक पायरी. तिला डबीचा मालक १.५ देणार, कारण खुर्ची तिथे जात नाही. डबी खांद्याच्या वर कुठेतरी अडकवलेली असेल तरी १.५ देणार, कारण बसलेल्याचा हात पुरत नाही. या दोन्ही तुम्ही सहज काढाल. आणि सहाशे मीटर फरसबंदीवरून जाणारी ती ‘अगदी सोपी’ १ तुम्हाला रडवेल. तुमच्या मुलाने वाईट काहीच केलं नाही. त्याने आकड्यावर विश्वास ठेवला.

शिवाय तो आकडा ठरवतो कोण? डबी लपवणारा. कॅश जाहीर होण्याआधी तपासणारे स्वयंसेवक असतात, पण ते बहुधा प्रत्यक्ष जागेवर जात नाहीत, लिहिलेलं वाचतात. रोज पळायला जाणाऱ्या माणसाने लपवलेली असेल तर मधला चढ त्याला चढ म्हणून जाणवलेलाच नसतो.

तेव्हा १ ची चाळणी सोडून द्या. टेरेन १, १.५ आणि २ अशा तिन्ही उघडून बघायच्या. दोनमध्ये चाल तीन किलोमीटरपर्यंतही असू शकते, त्यामुळे त्यातल्या बऱ्याच आपल्या कामाच्या नाहीत, पण एखादी असते. वाचताना डोक्यात एवढंच ठेवायचं : गाडी किंवा खुर्ची कुठवर जाते, तिथून पायी किती, आणि डबी कुठल्या उंचीवर. घोळ जवळजवळ नेहमी शेवटच्या दहा मीटरांत असतो. सगळी वाट गुळगुळीत आणि डबी मात्र ओल्या गवताच्या उतारावर झाडाच्या बुंध्याशी, हा प्रकार मी इतक्यांदा पाहिला आहे की आता मी सुरुवात शेवटापासून करते.

खेळाचं ॲप जे अंतर दाखवतं ते सरळ रेषेतलं असतं, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा. बाण म्हणतो १२० मीटर, आणि मध्ये नाला. पूल कुठे, तर अर्धा किलोमीटर वर. नकाशा मोठा करून प्रत्यक्ष वाट बोटाने चालून बघा. कॅशच्या इंटरनेटवरच्या पानावर पार्किंगचा वेगळा बिंदू दिलेला असतो का, तेही बघा. असला तर मालकाने गाडीने येणाऱ्यांचा विचार केला आहे. चित्रांच्या खुणा असतात त्याही वाचा : व्हीलचेअरची, जवळ पार्किंग असल्याची, बाबागाडी नेता येते त्याची, स्वच्छतागृहाची, काट्यांची. ‘गाडी लावा आणि घ्या’ अशा अर्थाचीही एक खूण आहे, ती तुमची लाडकी होणार. खुणेवर आडवी रेघ मारलेली असेल तर अर्थ उलटा.

मग आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी वाचा, निदान शेवटच्या दहा. ‘गाडीतून उतरलो आणि दोन मिनिटांत सापडली’ हे वाक्य कुठल्याही आकड्यापेक्षा खरं. ‘पावसानंतर चिखल होता’, ‘काट्यांनी ओरबाडलं’, ‘बराच वेळ फिरत राहिलो’ ही वाक्यंही तितकीच खरी. त्या लोकांचे फोटो बघा. माणूस हसताना दिसतो, आपण त्याच्या पायाखालची जमीन बघायची. उपग्रहाचं चित्र, रस्त्यावरून घेतलेले फोटो जिथे मिळतात तिथे तेही. घरबसल्या अर्ध्या तासात चार कॅश बाद होतात. झाल्या तर होऊ देत. त्या घरी बाद झाल्या म्हणून सुट्टीत अर्ध्यातून परतावं लागणार नाही.

एवढं करूनही शंका राहिली तर मालकाला निरोप पाठवा. बहुतेक जण मनापासून उत्तर देतात, आपली डबी कोणाला तरी हवी आहे याचं त्यांना अप्रूप असतं. फक्त ‘चालायला त्रास असणाऱ्याला जमेल का?’ असं विचारू नका. त्यावर ‘हो हो, नक्की या’ असं उत्तर येतं आणि त्याचा उपयोग शून्य. विचारायचं ते असं : शेवटच्या पन्नास मीटरांत जमीन कसली आहे, पायऱ्या किती, धरायला काही आहे का, आणि डबी गुडघ्याशी आहे, कमरेशी की खांद्याशी? जागा उघड करू नका, उंची तेवढी सांगा, असं म्हटलं की मालकालाही सांगायला सोपं जातं.

आता तुम्हाला एक दृश्य सांगते. माझी एक मैत्रीण गेली बारा वर्षं व्हीलचेअर वापरते. एकदा आम्ही पाच जण एका बागेत एका बाकापाशी पोचलो. फोन म्हणत होता, इथेच. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस चार-पाच मीटर इकडेतिकडे होतंच, त्यामुळे ‘इथेच’ म्हणजे बाक, कचऱ्याची पेटी, दिव्याचा खांब, कुंपण, काहीही. आम्ही चार धडधाकट माणसं त्या सगळ्याभोवती कोंबड्यांसारखी फिरलो. खांबामागे बघितलं, पेटी हलवली, कोणीतरी झुडपात शिरलं. ती बाकाला खुर्ची लावून शांत बसली होती. मग तिने हात बाकाच्या फळीखाली घातला आणि बोटांनी एकेक बोल्ट चाचपत गेली. पहिला गार, घट्ट. दुसरा गार, घट्ट. तिसऱ्याला गंज. चौथा बोटाखाली किंचित सरकला. तिने तो ओढला तेव्हा ‘टक्’ असा चुंबक सुटल्याचा आवाज आला. पोकळ बोल्ट, आत सुरळी केलेली कागदाची पट्टी. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पेन मागितलं.

बसलेल्या माणसाचे डोळे बाकाच्या, कठड्याच्या, पाट्यांच्या खालच्या बाजूच्या जवळ असतात, आणि शहरातल्या छोट्या डब्या नेमक्या तिथेच लपवतात. उभी माणसं वरून बघतात आणि निघून जातात. म्हणून नातीला सांगा, पोचल्यावर पहिली पाच मिनिटं आजी बसून शोधणार, बाकीच्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं. मग शोधा म्हणावं कुठे शोधायचं ते. खेरीज बाकावर निवांत बसलेल्या साठीच्या बाईवर कोणाचाही संशय जात नाही. खेळ माहीत नसलेल्या येणाऱ्या-जाणाऱ्यांना हे लोक ‘मगल’ म्हणतात, आणि त्यांच्या नकळत डबी काढणं हा अर्धा खेळ असतो. तिथे तुम्ही तुमच्या मुलाला कधीही हरवाल.

सामानाचं थोडक्यात. वस्तू उचलायची लांब दांड्याची चिमट्यासारखी काठी मिळते, ती तुमच्याकडे ऑपरेशननंतरची असेलच. तिला सोबत घ्या. लांब होणारी चुंबकाची दांडी, दांड्यावरचा छोटा आरसा, बॅटरी, भुवयांचा चिमटा आणि स्वतःचं पेन, कारण छोट्या डबीत पेन मावत नाही. चिमटा विसरू नका. सगळ्यात छोटी ‘नॅनो’ डबी करंगळीच्या टोकाएवढी असते आणि तिच्यातली पट्टी परत आत सरकवताना तरुण बोटंही शिव्या देतात. तुमची बोटं आखडत असतील तर आकार बघून ‘स्मॉल’ किंवा ‘रेग्युलर’ घ्या. रेग्युलर म्हणजे एक लिटरपासून वीस लिटरपर्यंतचा डबा, त्यात मुलांनी अदलाबदलीसाठी ठेवलेल्या वस्तूही असतात. नातीला तोच आवडेल. आणि जिथे नजर पोचत नाही त्या भोकात हात घालायचा नाही, आधी आरसा आणि बॅटरी. विजेच्या पेटीला तर हातच लावायचा नाही, फोन काहीही म्हणो.

खुब्याबद्दल मी काही सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांचं काम. निघण्याआधी फिजिओथेरपिस्टना भेटाल तेव्हा ‘फिरायला जाऊ का?’ असं मोघम विचारू नका. ‘गुडघ्याच्या उंचीवरची वस्तू वाकून काढू का? गवतावर काठीने किती पावलं? उंच सीटच्या गाडीतून दिवसात सहा वेळा उतरणं-चढणं चालेल का?’ असं विचारा. हा शेवटचा प्रश्न लोक विसरतात. पाच ‘गाडी लावा आणि घ्या’ कॅश म्हणजे पाच वेळा उतरणं आणि पाच वेळा चढणं, आणि खुब्याला ते चालण्यापेक्षा जड जाऊ शकतं.

म्हणून दिवसाला दोन. पहिल्या दिवशी प्रवासाचा शीण असतो तेव्हा एकच. घरच्यांनी बावीस केल्या म्हणून तुम्ही दहा तरी कराव्यात असं काही नाही. तुमच्या दोन सकाळच्या पहिल्या असाव्यात मात्र, सगळ्यांची तब्येत आणि मनं ताजी असताना. दुपारी चारला उरलेल्या वेळात कोंबलेल्या नकोत.

यजमानांच्या कमरेचं तुम्ही एका ओळीत उरकलंत. माझ्या मते ढकलणाऱ्याची कंबर हा टेरेनचाच भाग आहे. जाताना उतार लागला तर येताना तोच चढ असतो. रॅम्पसाठी १:१२ हे प्रमाण सर्रास वापरतात, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी. त्याहून उभी वाट दिसली की त्यांनी खुर्चीला हात लावायचा नाही, मुलाने लावायचा. खडीत किंवा वाळूत पुढची छोटी चाकं रुततात. थोडंच अंतर असेल तर खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत नेणं ढकलण्यापेक्षा सोपं जातं. घरासमोर एकदा करून बघा, पाठमोरं जाताना कसंसंच होतं आणि त्याची सवय असलेली बरी. खुर्चीत बसूनच डबी काढायची असेल तर उंचीचा अंदाज म्हणून हे लक्षात ठेवा : अमेरिकेतल्या सुगम्यतेच्या मानकांमध्ये बसलेल्या माणसाचा हात पोचण्याची उंची जमिनीपासून साधारण ३८ ते १२२ सेंटिमीटर धरली आहे. त्याच्या खाली-वर गेलं की चिमटाकाठी, नाहीतर नात.

डबीच नसलेले प्रकारही आहेत, आणि सुट्टीत ते मला डबीपेक्षा जास्त आवडतात. ‘अर्थकॅश’ २००४ पासून आहेत. त्यात शोधायचं काही नसतं, भूगर्भशास्त्र दिसेल अशा जागी जायचं, समोरचा कडा किंवा दगड बघून प्रश्नांची उत्तरं काढायची आणि ती मालकाला पाठवायची. बऱ्याचशा अशा ठिकाणी असतात की जिथे पर्यटक तसेही थांबतात, म्हणजे पार्किंग आणि बाक असण्याची शक्यता जास्त. थरांचे रंग, दगडातली भोकं, पाण्याने झिजलेली कड, हे बघायला खुर्चीतून काही कमी दिसत नाही. ‘ॲडव्हेंचर लॅब’मध्ये ठरावीक जागांच्या टप्प्यात फोन आला की प्रश्न उघडतो, बहुधा समोरच्या पाटीवर किंवा पुतळ्यावर उत्तर असतं. एका लॅबमध्ये सहसा पाच जागा. पाचही व्हायलाच हव्यात असं नाही, प्रत्येक जागा वेगळी मोजली जाते. तिसऱ्या जागी थकलात तर तिथे थांबा. मोठ्या गावात ‘इव्हेंट’ असेल तर तोही बघा. तिथे एखाद्या ठरलेल्या ठिकाणी खेळणारे जमून गप्पा मारतात, आणि आसपासच्या कुठल्या वाटा तुम्हाला झेपतील हे त्या गावच्या माणसाकडून पाच मिनिटांत कळतं.

घरच्यांचं आता. ‘तुम्ही जाऊन या, मी गाडीत थांबते’ हे वाक्य तुमच्या पत्रात तुमच्याच तोंडी आहे. ते कोणी तुमच्यावर लादलेलं नाही. त्यांना अडकवू नये म्हणून तुम्ही म्हणालात हे मला कळतं, मीही म्हणते. पण दहाव्यांदा म्हटल्यावर घरचे ते खरं मानायला लागतात, आणि मग विचारायचं बंद होतं. या वेळी निघायच्या आधीच सांगा : सकाळ माझी. तुम्हाला डोंगरात जायचंय तर दुपारनंतर जा, तीन तास जा, मनाला काही लावून न घेता जा. तेव्हा मी थांबेन, आणि खरंच पुस्तक वाचेन. असं वाटून घेतलं की त्यांना अपराधी वाटत नाही आणि तुम्हाला टाकून गेल्यासारखं वाटत नाही.

निवड तुम्ही करा. आठवड्याच्या तेरा कॅश तुम्ही शोधून, वाचून, छाननी करून ठरवायच्या. ‘मिस्टरी’ प्रकारच्या कॅशमध्ये आधी कोडं सोडवावं लागतं तेव्हा खरी जागा कळते, आणि ती नकाशावरच्या खुणेपासून साधारण तीन किलोमीटरच्या आत असते. अशी दोन-तीन कोडी आत्ताच घरी सोडवून ठेवा. शब्दकोडी आवडत असतील तर याची चटक लागेल. कॅशच्या पानावरची सूचनासुद्धा सांकेतिक लिपीत असते : इंग्रजी वर्णमालेत प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे. ॲपमध्ये बटण दाबलं की ती सुटते, पण नातीबरोबर कागदावर सोडवण्यात मजा आहे. एक इशारा मात्र देते. तुम्हाला ‘प्लॅनिंगवाली’ करून प्रत्यक्ष जागेवर पुन्हा तिघंच जायला लागली तर लगेच थांबवा. घरातल्या बायका फार चटकन कारकून होतात.

लबाडीचं विचारलंत. प्रत्यक्ष डबी असलेल्या कॅशचा नियम एवढाच, की वहीत तुमचं नाव हवं. डबी झाडावरून कोणी उतरवली, झाकण कोणी उघडलं, हे कोणी विचारत नाही. चार मित्र गेले की एकालाच दिसते, नावं चौघांची पडतात, आणि कोणाला काही वाटत नाही. तुम्ही जागेवर पोचलात, खालून सांगितलंत ‘त्या फांदीच्या बेचक्यात बघ’, मुलाने काढली, तुम्ही नाव लिहिलंत, तर ती तुमची. माझ्या मनात किंतूसुद्धा येणार नाही. तुम्ही दोन किलोमीटरवर गाडीत असताना मुलाने वहीत ‘आई’ असंही लिहून टाकलं, तर? कोणी पकडणार नाही. पण तुम्हीच मला हा प्रश्न विचारलात, त्यावरून ती मोजणं तुम्हाला गोड लागणार नाही असं दिसतं. ती सोडून द्या. सापडली नाही तरी नोंद करा, ‘सापडली नाही’ अशी वेगळी नोंद असते आणि तिची लाज कोणालाच वाटत नाही.

नोंद लिहिताना एक काम माझ्यासाठी करा. ‘छान जागा, धन्यवाद’ एवढ्यावर थांबू नका. ‘पार्किंगपासून साठ पावलं, मध्ये फुटपाथची एक उंच कड, बाक आहे, डबी कमरेशी, काठीने गेले’ असं लिहा. जागा फुटत नाही आणि पुढच्या काठीवाल्याला आख्खा नकाशा मिळतो. आणि टेरेन १ लिहिलेल्या कॅशपाशी तीन पायऱ्या निघाल्या तर मालकाला नम्रपणे कळवा. आकडा बदलायला त्याला मिनिटभर लागतं, आणि खुर्ची घेऊन आलेल्या कोणाचा तरी अख्खा दिवस वाचतो.

एक कल्पना घरी परतल्यानंतरसाठी. ‘ट्रॅव्हल बग’ म्हणून एक धातूची पट्टी मिळते, तिच्यावर नंबर असतो. ती नातीच्या एखाद्या छोट्या खेळण्याला अडकवा आणि सुट्टीतल्या शेवटच्या मोठ्या डब्यात सोडा. सापडेल तो ती उचलून पुढच्या डब्यात नेतो आणि तशी नोंद करतो. ती कुठे कुठे फिरते ते तुम्ही दोघी नकाशावर बघत बसाल. हरवतातही पुष्कळ, तेवढी मनाची तयारी ठेवा, आणि आवडतं खेळणं लावू नका.

आता तुमचा ता. क. हो, लपवता येईल, पण सुट्टीच्या गावी नाही. डबीची देखभाल मालकाला करावी लागते : वही भिजली, झाकण तुटलं, डबी गेली, की जाऊन बघायचं. म्हणून प्रवासात लपवून निघून आलेल्या डब्या सहसा जाहीर होऊ देत नाहीत. घराजवळची जागा शोधा. जागेच्या मालकाची परवानगी घ्या, जमिनीत खड्डा करून पुरायची नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही डबीपासून निदान १६१ मीटर दूर हवी. तुम्ही रोज चालायला जाता तिथे एक बाक असेल, अडीचशे मीटर संपतात तिथला. त्याच्या आसपास बघा. पान भरताना टेरेनचा रकाना येईल तेव्हा आधी एकदा खुर्चीतून जा, एकदा काठीने जा, आणि दोन्हीचं वेगवेगळं लिहा.